राहणार: पुणतांबा रेल्वे स्टेशन

माझे वडील घरात वारले. स्वतःच्या अंथरुणावर, आईच्या हातचं पाणी घेऊन, सगळी जवळची माणसं भोवती असताना. ज्यांच्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांना विचारा, हे केवढं भाग्य असतं. हे भाग्य ज्यांनी आमच्या पदरात टाकलं त्यांना स्वतःला घर नव्हतं. ते पुणतांबा स्टेशनवर राहायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि मीही इथं त्यांना तेवढंच म्हणणार आहे.

मामांच्या ऋणाबद्दल लिहायचं तर त्यांच्याबद्दल गावात जे बोललं जायचं, तेही लिहावं लागेल. ‘स्वतःच्या कर्मानं तिथं येऊन पडलाय,’ असं लोक म्हणत. खुद्द मामाही तेच म्हणत, आणि लोकांपेक्षा ठणकावून म्हणत. मला ते कधी पटलं नाही. त्यांच्या हयातीत मी त्यांच्याशी यावरून वाद घालायची. आज ते नाहीत, तर तो वाद पूर्ण करणं हेही मला त्यांच्या ऋणाचाच भाग वाटतं.

पुणतांबा राहाता तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. चांगदेवांची समाधी आमच्या गावात आहे, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला घाट आहे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून गावाला आगगाडीची सवय. २००९ मध्ये इथून शिर्डीला फाटा निघाला आणि पुणतांबा जंक्शन झालं. साईबाबांच्या दर्शनाला येणारे देशभरचे लोक आमच्या स्टेशनावरून जाऊ लागले. त्यांच्याबरोबर कुठं जायचं हे ठरलेलं नसलेली माणसंही येऊ लागली. काही दोन दिवस थांबून पुढं जात, काही राहात. मामा मात्र बाहेरून आलेले नव्हते. ते आमच्याच पंचक्रोशीतले, जवळच्या एका ऊसमळ्यावर जन्मलेले. त्यामुळं त्यांच्यावर लोकांचा राग जास्त होता. परक्याबद्दल माणसाला निदान ‘कुणास ठाऊक काय झालं असेल’ असं म्हणता येतं. ओळखीच्या माणसाचं सगळं आपल्याला माहीत आहे, अशी आपली खात्री असते.

माझे वडील, अण्णा, शेतकरी. पेरूची बाग आणि थोडा ऊस. तरुणपणी ते पेरूच्या करंड्या गाडीत टाकून मनमाडला विकायला नेत. पुढं टेम्पो आले, व्यापारी बांधावर येऊ लागले आणि तो व्यवहार संपला. पण सत्तरी ओलांडल्यावर अण्णांची स्मृती ढासळायला लागली, तेव्हा अलीकडचं सगळं आधी गेलं आणि ते जुने दिवस तेवढे उरले. नातवंडांची नावं गेली, माझं लग्न होऊन मी पुण्याला असते हे गेलं, पण पहाटेची गाडी पकडून मनमाडला माल न्यायचाय हे काही जाईना. रात्री-अपरात्री उठून ते निघायला बघत. आई दाराला आतून कडी घालायची, वर कुलूप लावायची. तीही थकलेली बाई, किती जागणार?

अशाच एका हिवाळ्यात ते मध्यरात्री निघाले. अंगात गंजीफ्रॉक, पायांत काही नाही. गाव झोपलेलं, कुणी पाहिलं नाही. स्टेशनात गाडी उभी होती आणि अण्णा दाराचा दांडा धरून चढत होते. मामांनी त्यांना पाहिलं. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. ओढाताण केली असती तर अण्णा हिसडा मारून पडले असते, म्हणून ते नुसते जवळ गेले आणि म्हणाले, “अण्णा, ही गाडी आपली न्हाई. आपल्या करंड्या मागच्या गाडीला चढवल्यात.” अण्णा खाली उतरले. मामांनी आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली आणि दोघं बाकावर मागच्या गाडीची वाट बघत बसले. अण्णा पेरूच्या भावाबद्दल बोलत होते, मामा हूं हूं करत होते. उजाडल्यावर त्यांनी अण्णांना हाताला धरून घरी आणलं.

ती गाडी लांब पल्ल्याची होती. अण्णा तिच्यात बसले असते तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी परप्रांतातल्या स्टेशनावर उतरले असते. खिशात कागद नाही, तोंडात गावाचं नाव नाही, अंगावर धड कपडा नाही. तिथल्या लोकांनी त्यांच्याकडं पाहून काय म्हटलं असतं? ‘वेडा आहे’, ‘दारुडा असेल’, ‘मुलांनी टाकलेला दिसतोय’. पेरूची बाग असलेला, चार माणसांत मान असलेला माझा बाप एका रात्रीत बेघर झाला असता आणि त्यामागं ना त्याची निवड असती, ना आमची.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा फाउंडेशनचं कर्जतचं काम अनेकांना ठाऊक आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या घरी पोचवायचं, हे काम ते अनेक वर्षं करत आले. त्यासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या जिल्ह्यात शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या निराधार, मनोरुग्ण स्त्रियांसाठी माऊली सेवा प्रतिष्ठान उभं केलं. या कामांकडं पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. आपण ज्यांना रस्त्यावरचे म्हणतो, त्यांच्यातल्या कित्येकांना कुठं तरी घर होतं, आणि कित्येकांची घरी कुणी तरी वाटही बघत असतं. मध्ये फक्त एखादी गाडी चुकलेली असते, एखादा आजार आलेला असतो. अण्णांच्या वेळी त्या गाडीच्या दाराशी मामा होते. एवढाच फरक.

त्या रात्रीनंतर मामा आणि आमचं घर जोडलं गेलं. आई त्यांना भाऊ म्हणू लागली, ते तिला ताई. अण्णा पुन्हा पुन्हा निसटत आणि मामा त्यांना पुन्हा पुन्हा घरी आणत. मामांनी कधी हात पसरला नाही. चहाच्या टपरीवर पाणी भरणं, कुणाचं सामान उचलणं, मालगाडी आली की हमालांच्या हाताखाली काम, असं करून ते पोट भरत. प्यायचेही. ते मी लपवणार नाही, त्यांनीही लपवलं नाही. प्यालेले असले की ते आमच्या गल्लीत पाऊल ठेवत नसत.

भाऊबीजेला आईनं त्यांना बोलावलं. गोदावरीवर अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले, पण घरात येईनात. ओट्यावरच बसले. आईनं तिथंच पाट मांडला आणि ओवाळलं. मामांनी कनवटीला बांधलेली नोट काढून ताटात टाकली. आई नको नको म्हणाली तर ते म्हणाले, “ताई, ओवाळून घ्यायचं आन् ताट रिकामं ठेवायचं, हे काय भावाचं काम न्हाई.” त्या घरातल्या कुठल्याच ओवाळणीचं मोल मला त्या नोटेइतकं वाटलेलं नाही.

अण्णांच्या शेवटच्या पावसाळ्यात आईनं मामांना विनवलं, पडवीत येऊन झोपा. इतर वेळी ते आले नसते. पण अण्णांना राखायचं काम आहे म्हटल्यावर आले. दाराशी अंथरूण टाकत, म्हणजे अण्णा उठले की त्यांना मामांच्या अंगावरूनच जावं लागेल. त्या काही महिन्यांत आईला पहिल्यांदा सलग झोप मिळाली. मामांचं पिणं कमी झालं, सुटलं नाही. अण्णा गेले, तेराव्याचं जेवण झालं आणि मामा आपलं अंथरूण गुंडाळून निघाले. आईनं खूप धरलं. “काम संपलं, ताई,” एवढंच म्हणाले आणि स्टेशनवर परत गेले.

म्हणजे बघा, राहायला पडवी होती आणि तरी माणूस स्टेशनवर गेला. ही निवड नव्हे तर काय, असं कुणीही विचारील. मीही त्यांना विचारलं. तेव्हा त्यांनी मला आपला हिशेब सांगितला. तो मला पाठ आहे. “दारू मी प्यालो, कुणी तोंडात ओतली न्हाई. भावाशी मी भांडलो. खोली मी सोडली. लेक म्हनली इकडं या, मी गेलो न्हाई. ह्यात नशिबाचा काय दोष?”

माणूस स्वतःची जबाबदारी इतक्या स्वच्छ शब्दांत घेतो, तेव्हा त्याला बिचारा म्हणून कुरवाळणं हा त्याचा अपमान असतो. मामांनी मला तो कधी करू दिला नाही. पण त्यांच्या हिशेबातली एकेक रक्कम मी माझ्या माहेरच्या गावाशेजारी ठेवून पाहिली आणि मला वेगळंच उत्तर आलं.

दारूपासून सुरुवात करू. मामांची बायको दीर्घ आजारानं गेली. उपचारासाठी हातउसनं आणि सावकाराचं मिळून कर्ज झालं होतं. ती गेली, कर्ज राहिलं, आणि मामा पिऊ लागले. दारू त्यांनी निवडली हे खरं. पण दारू आमच्या भावकीतल्या कितीतरी पुरुषांनी निवडली. त्यांतल्या एकानं एकर विकला, दुसऱ्यानं विहिरीतला हिस्सा गहाण टाकला. त्यांच्या बायकांनी सोसलं, भावांनी सांभाळलं, आणि ते आजही आपापल्या घरात झोपतात. विकायला एकर होता म्हणून ते वाचले. मामांकडं विकायला काही नव्हतं.

भावाशी भांडण. आमच्या तालुक्यात बांधावरून, वाटणीवरून भांडलेले भाऊ शोधायला लांब जावं लागत नाही. पण ते सातबाऱ्यावरून भांडतात. मामा आणि त्यांचा भाऊ भांडले ते मळ्यावरच्या चाळीतल्या एका खोलीवरून, जी दोघांच्याही मालकीची नव्हती. इथं मळ्यांची गोष्ट थोडी सांगायला हवी. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर आमच्या भागात खासगी साखर कारखाने उभे राहिले. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या आणि हजारो एकरांवर ऊस केला. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानं त्या जमिनी सरकारकडं आल्या आणि १९६३ मध्ये त्या कसण्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. खंडकरी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून दीर्घ लढा दिला आणि २०१२ पासून त्या जमिनी त्यांना परत मिळू लागल्या. तो न्याय होता आणि तो उशिरा मिळाला. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यांवर पाणी धरलं, खुरपलं, ऊस तोडला, त्यांच्या नावावर कधीच काही नव्हतं. काम आटलं तशी मजुरी गेली आणि राहायच्या चाळींचा भरवसाही गेला. घर बांधायला दोन गुंठे जागा द्या, एवढी मागणी हे कामगार वर्षानुवर्षं करत राहिले.

मामा पाटकरी होते. पाटाचं पाणी कुठल्या सरीला किती वेळ द्यायचं हे त्यांना अंधारात पायांनी कळायचं, असं जुने लोक सांगत. ते कसब रोजंदारीवर होतं. खोली कामाला बांधलेली होती. काम गेल्यावर खोलीत कुणी राहायचं हा प्रश्न दोन भावांपुढं आला, तेव्हा धाकट्याला लहान मुलं होती. मामा भांडून निघाले, असं ते सांगत. मला वाटतं, त्या खोलीत दोन कुटुंबं मावत नव्हती आणि मोठ्या भावानं जागा करून दिली. भांडण हे त्यांनी त्याला दिलेलं नाव होतं.

आणि लेक. ती वैजापूरकडं दिलेली. नवरा, सासू-सासरे, मुलं असं एका खोलीत राहायची. बापाला ‘या’ म्हणाली ती मनापासून म्हणाली. मामा गेले नाहीत, कारण लेकीच्या दारी पडून राहू नये हे त्यांच्या हाडांत होतं, आणि सासरी तिला काय ऐकावं लागेल हे त्यांना माहीत होतं. तिच्या संसारापेक्षा त्यांनी फलाट पत्करला. याला निवड म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. पण मग निवड करणाऱ्यापुढं काय काय मांडलेलं होतं, तेही सांगा.

माझं मत एवढ्यानं ठरलं. माणसाच्या चुका बेघर होण्याला कारण असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच चुका घरात राहणारेही करतात. कोण रस्त्यावर येणार हे चुकीवर ठरत नाही. पडताना खाली काय आहे यावर ते ठरतं. एखाद्याच्या खाली जमीन असते, नोकरी असते, भाऊ असतो, विमा असतो, कागदपत्रं असतात. पीक बुडालं तरी बियाणं राखलेलं असलं की पुढचा हंगाम साधतो, तसं हे आहे. मामांच्या घरात तीन पिढ्या बियाणं राखण्याइतकं कधी उरलंच नाही.

आणि हे सगळ्यांत आधी पुणतांब्याला कळायला हवं होतं. १ जून २०१७ ला महाराष्ट्रातला शेतकरी संपावर गेला, तो आमच्या गावातून. गावच्या ग्रामसभेनं ठराव केला, संपाची हाक गावोगाव पोचली, दूध आणि भाजीपाला शहरांकडं जाणं थांबलं. त्याच महिन्यात राज्य सरकारला ३४ हजार कोटी रुपयांच्या कर्जमाफीची घोषणा करावी लागली. मी माहेरवाशीण, पण त्या दिवसांत पुण्यात मान वर करून सांगायची की मी पुणतांब्याची. कारण आमच्या गावानं देशाला एक गोष्ट ठणकावून सांगितली होती: शेतकरी कर्जात बुडतो ते तो आळशी आहे, उधळ्या आहे म्हणून नव्हे. भाव पडतात, पाऊस दगा देतो, धोरण चुकतं, म्हणून बुडतो. ‘कांदा लावायची निवड तुझीच होती ना?’ असं कुणी शेतकऱ्याला विचारलं असतं, तर आमच्या गावानं त्याला उभं केलं नसतं.

तेच माप गावानं स्टेशनवरच्या माणसाला लावलं नाही. संपाच्या आठवड्यात मी गावी होते. मामांना चहा घेऊन गेले तर ते म्हणाले, “शेतकऱ्याला संप करता येतो, पोरी. त्याच्याकडं दूध हाय, भाजी हाय. ज्याच्याकडं काहीच न्हाई, त्यानं काय बंद करायचं?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. शेतकऱ्यांचं भलं व्हावं असंच त्यांना वाटत होतं, अण्णांची आठवण काढून ते तसं म्हणालेही. पण त्या एका वाक्यानं मला संपाच्या बातम्यांपेक्षा जास्त शिकवलं. संकट सारखं असूनही एकाचं संकट प्रश्न ठरतं आणि दुसऱ्याचं कर्म ठरतं, कारण पहिल्याजवळ रोखून धरायला काही तरी असतं.

कायद्यानंही या माणसांकडं फार काळ कर्माच्याच नजरेनं पाहिलं. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा. पोटापाण्याचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी वावरणं, एवढ्यावरही माणूस त्याच्या कक्षेत येतो आणि त्याला भिक्षेकरी गृहात डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये तिथं लागू असलेली या कायद्याची बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यांवरून भिक्षेकऱ्यांना हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला आणि हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे, पर्याय असता तर लोक भीक मागायला आले नसते, असं मत मांडलं. महाराष्ट्रात तो कायदा राहिला. एप्रिल २०२५ मध्ये शिर्डीत भिक्षेकऱ्यांना ताब्यात घेऊन श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवलं गेलं. त्यातल्या आजारी पडलेल्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात आणलं आणि चौघांचा मृत्यू झाला. शिर्डी आमच्यापासून फार लांब नाही. मामा तेव्हा असते, आणि कामाच्या शोधात त्या दिवशी शिर्डीला गेले असते, तर त्यांनाही ताब्यात घेतलं गेलं असतं. ज्या शिर्डीत एक फकीर पडक्या मशिदीत राहिला, गावात फिरून भिक्षेवर जगला आणि १९१८ मध्ये तिथंच त्यानं देह ठेवला, त्या शिर्डीत हे घडलं, याचं दुःख मला शब्दांत सांगता येत नाही.

घर सोडण्याची खरी निवड करणारी माणसं आपल्याकडं झाली. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडलं, हातात खापर आणि झाडू घेतला आणि आयुष्यभर स्वतःसाठी छप्पर केलं नाही. पण त्यांनी उभं काय केलं? पंढरपूरला, नाशिकला, मुंबईला धर्मशाळा. स्वेच्छेनं बेघर झालेल्या त्या माणसाला पुरतं कळलं होतं की बाकीच्यांचं बेघरपण स्वेच्छेचं नाही.

आमच्या गावाला तर याहून जुना धडा आहे. ज्ञानेश्वरांच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, संन्यास घेतला आणि तो सोडून परत संसार केला. निर्णय बापाचा होता. वाळीत टाकली गेली ती चार पोरकी भावंडं. त्यांना आळंदीनं थारा दिला नाही, शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं. त्याच वाटेवर आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि योगसामर्थ्याचा दरारा असलेले चांगदेव अखेर ज्यांच्यापुढं नमले, ज्यांतल्या धाकट्या मुक्ताबाईला त्यांनी गुरू केलं, ती हीच घराबाहेर काढलेली मुलं होती. त्या चांगदेवांच्या समाधीपुढं आम्ही लहानपणापासून डोकं टेकवतो. मामाही एकादशीला टेकवायचे, पायऱ्यांवरूनच.

मामांना काहीतरी सरकारी आधार मिळावा म्हणून आईनं आणि मी धडपड केली. संजय गांधी निराधार योजनेसाठी रहिवासी असल्याचा पुरावा हवा. रेशनकार्डावर नाव हवं, तर आधी पत्ता हवा. घरकुल मिळतं, पण घरकुलाला आधी जागा हवी. शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना २०१३ पासून होती. लाखभर वस्तीमागं शंभर जणांचा एक निवारा असं तिचं माप. पण पुणतांबा ग्रामपंचायत आहे, शहर नाही. घर नसलेल्या माणसासाठी केलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला आधी घराचा पुरावा लागतो, हे मला त्या खेपांत समजलं. मामांनी शेवटी आम्हालाच थांबवलं. म्हणाले, “ताईनं मला भाऊ म्हनलं, तेवढा कागद पुरं.” आईला ते पुरेसं वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

कोरोनाच्या आधीच्या हिवाळ्यात मामा गेले. छाती भरली होती. स्टेशनवरच्या लोकांनी दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. वैजापूरहून लेक आली. चहाच्या टपरीवाल्यानं, हमालांनी, आमच्या गल्लीतल्या पोरांनी खांदा दिला. आईनं भावाचं म्हणून कोरं वस्त्र आणलं. गोदावरीकाठी त्यांना अग्नी दिला गेला. पोलिसांच्या कागदावर त्यांच्या नावापुढं ‘राहणार’ असं छापलेल्या जागी लिहिलं होतं: पुणतांबा रेल्वे स्टेशन. जिवंतपणी जो पत्ता कुठल्याही कचेरीनं मानला नाही, तो मेल्यावर मानला गेला.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर मोजले गेले, त्यांतले २ लाख १० हजार महाराष्ट्रातले. ही मोजणी २८ फेब्रुवारी २०११ ला एका रात्रीत झाली. प्रगणकाला त्या रात्री जो दिसला तो मोजला गेला, जो दिसला नाही तो राहिला. आता पुढची जनगणना आली आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

म्हणून पुणतांब्याच्या माझ्या माणसांना, आणि ज्यांच्या गावात स्टेशन आहे, एसटी स्टँड आहे, देवळाचा मंडप आहे त्या सगळ्यांना माझं एक मागणं आहे. बेघरांची मोजणी होईल त्या रात्री गावातल्या दोघा-चौघांनी प्रगणकाबरोबर जावं. फलाटावर, मंडपात, पुलाखाली कोण झोपतं हे आपल्याला माहीत असतं. ते दाखवावं, त्यांची नावं सांगावीत. आणि ग्रामपंचायतींनी, जो माणूस गावाच्या हद्दीत वर्षानुवर्षं राहतो त्याला तो जिथं झोपतो तिथलाच रहिवासी दाखला द्यावा. तो तिथं का आला हे विचारायचं असेल तर अवश्य विचारा, पण दाखला दिल्यावर विचारा. मामांचं माझ्यावरचं ऋण फिटणारं नाही. त्यांच्यासारख्या एकाला जरी जिवंतपणी पत्ता मिळाला, तर त्यातला काही भाग फिटेल.